दर रविवारी एक आकडा

तेलीबाग, लखनौ
२० जुलै २०२५

ति. ताईस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी फ्रिजवर लिहिते आहे. आमचा जुना बुटका फ्रिज, त्याच्या डोक्यावर वही आणि समोर मी उभी. बसून लिहायला घेतलं की दहाव्या ओळीला कंबर बोलायला लागते. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर मास्तरीणबाईंनी लाल पेन काढू नये. फोनवर तुला ऐकू येत नाही, मोबाइलवरची बारीक अक्षरं तुला पसंत नाहीत, म्हणून आमच्या फ्रिजला हे भाग्य.

बातमी आहे. काल संध्याकाळपासून ह्यांना तीनदा सांगून झाली. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "ताईंना लिही आणि मला पेपर वाचू दे."

तर ऐक. इथल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात सावनी नावाची साताऱ्याची मुलगी पीएच.डी. करते आहे. आंबेडकर जयंतीला आपल्या विहारात आली होती, तिथे ओळख झाली. तिचा विषय काय, तर आपल्यासारख्यांची कंबर. म्हणजे एकदाच मोडून पडलेली नव्हे, दोन-तीन महिन्यांनी पाहुणीसारखी परत परत येणारी. मी म्हटलं, मी तर त्यातली पदवीधर आहे. तिने मला यादीत घेतलं. एकूण वीस जण, त्यातली विसावी मी.

आणि इलाज काय म्हणशील? श्वास. हसू नकोस. कैरीएवढं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं आहे. एका टोकाला तोंडात धरायची नळी, आत स्प्रिंग, बाजूला तबकडी आणि तिच्यावर एक ते दहा आकडे. नाकाला चिमटा लावायचा, कपडे वाळत घालायचा असतो तसा, आणि तोंडाने श्वास आत ओढायचा. फुंकायचं नाही, ओढायचं. तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी, आठ आठवडे. सावनी सांगते, छातीच्या खाली जो पडदा असतो, श्वासपटल, तो नुसता श्वास घेत नाही, आतून कणा धरूनही ठेवतो. तो दमला की कंबर एकटी पडते. माझी चाचणी घेतली तेव्हा डोळे मिटायला लावून मऊ स्पंजावर उभं केलं आणि पोटऱ्यांवर थरथरणारं यंत्र बांधलं. मी अशी डोलले, अशी डोलले की धरायला दोघी लागल्या. ती म्हणाली, काकू, कंबर दुखत नसते तेव्हाही तुम्ही तिच्यावर भरवसा ठेवत नाही, सगळा तोल घोट्यांवर. मी मनात म्हटलं, कसा ठेवू बाई?

तुला माहीतच आहे कसा नाही ते. भाऊजी गेले त्या दिवशी अनुपने माझं तिकीट काढलं होतं आणि मी मोरीच्या दारात आडवी होते. त्यानंतर तीनदा काढलं, तीनदा रद्द केलं. चार तिकिटं, ताई. तीन वर्षं झाली आणि भाऊजींच्या फोटोसमोर मी अजून बसलेली नाही. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस, म्हणून जास्त लागतं.

माझं ठरलं आहे. आठ आठवडे चौदा सप्टेंबरला संपतात, दसरा दोन ऑक्टोबरला आहे. ह्या दसऱ्याला मी नागपुरात.

तबकडीवर मात्र पारदर्शक चिकटपट्टी लावली आहे. माझी एकवर आहे. तिला हात लावायचा नाही अशी ताकीद आहे. कुणाला कमी ठेवलंय, कुणाला जास्त, ते सावनीलाही माहीत नाही म्हणे, दुसरी मुलगी ठरवते.

अनुप ऑफिसातून आला आणि मला नाकाला चिमटा लावलेली बघून म्हणाला, "मम्मी, ये क्या नया शुरू किया?" मराठी सगळं कळतं पोराला, उत्तर हिंदीतच.

तुझी,
फ्रिजसमोरची कांता


इंदोरा, नागपूर
२८ जुलै

चि. कांतास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. लाल पेन काढलं नाही, पण "श्वासपटल" तू पहिल्यांदा चुकीचं लिहून खोडलंस ते दिसतं.

बाप्पा, श्वास ओढून कंबर! आता काय काय निघेल सांगता येत नाही. पण मी एकतीस वर्षं मुलींना कवायत शिकवली, तेव्हा हसले नाही. कवायतीत पहिलं वाक्य श्वासाचंच असतं आणि मुली नेमका तोच सोडून देतात.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. आठ आठवडे एकाच आकड्यावर? मी कुठल्या मुलीला आठ आठवडे एकाच उंचीच्या उडीवर ठेवलं असतं तर हेडबाईंनी मलाच बाहेर काढलं असतं. एक हा आकडा पहिलीतल्या पोरांचा. तुला पहिलीत बसवलं आणि वर चढवायचं विसरले, दुसरं काय. त्या मुली शिकणाऱ्याच आहेत, त्यांच्याकडून राहिलं असेल. दर रविवारी एक आकडा चढव. जास्त नाही, एकच. श्वास अर्ध्यात तुटला तर तो रविवार तिथेच थांब. हे मी सांगते आहे, नीट ऐक.

मी मजेत आहे. विहारात हल्ली मागच्या भिंतीला टेकून बसते, पुढे बसूनही ऐकू येत नाहीच, मग गर्दी कशाला करायची. लखनौला ये म्हणून ह्याच्या आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. नाही जमत गं. मांजरीला पिल्लं झाली आहेत.

दसऱ्याचं पक्कं कर, मग सांग. आधी सांगितलं की मी वाट बघत बसते.

लीलाताई


तेलीबाग
११ ऑगस्ट

ति. ताईस,
सप्रेम जयभीम.

केलं. तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही असं लहानपणापासून कधी झालंय? रविवारी सकाळी ती पट्टी नखाने अशी अलगद उचलली, आरशावरची टिकली काढते तशी, आणि तबकडी दोनवर नेऊन परत चिकटवून टाकली. काल तीनवर गेले. कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात आकडा लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको.

एकवर होतं तेव्हा चहा गाळल्यासारखा श्वास यायचा, काही कळायचंच नाही. तीनवर कळतं. बरगड्यांच्या खाली कुणीतरी झोपेतून उठून कामाला लागल्यासारखं वाटतं. तीस श्वास झाले की घाम फुटतो, आणि मग एकदम हलकं. हे बाहेरून विचारतात, कुणाशी भांडते आहेस का.

दर दुसऱ्या सोमवारी तपासायला जायचं असतं, यंत्र ती दुसरी मुलगी बघते आणि श्वास सावनी. आजच्या तपासणीच्या आधी मी तबकडी परत एकवर आणली आणि आत्ता संध्याकाळी पुन्हा तीनवर. कशाला उगाच प्रश्न? त्या बिचारीच्या डोक्याला आधीच कामं कमी नाहीत. सावनीने श्वासाचा जोर मोजला, आकडा बघून परत मोजला आणि म्हणाली, "काकू, मस्तच." तिचे डोळे असे चमकले की मलाच लाज वाटली.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. काल विहारात पूर्ण वंदना होईपर्यंत मी सतरंजीवर मांडी घालून बसले. खुर्ची मागितली नाही. शेजारच्या बायका माझ्याकडेच बघत होत्या. घरी आल्यावर मी वाट बघत राहिले, आता धरेल, मग धरेल. धरली नाही. ताई, संध्याकाळी मी चक्क रडले, आनंदाने.

हेही पत्र फ्रिजवरच लिहिते आहे, पण आता सवयीने.

कांता


इंदोरा, नागपूर
१८ ऑगस्ट

चि. कांतास,

तू बसलीस हे वाचून मी उठले आणि घरात एक फेरी मारली. बस, इतकंच लिहिते, जास्त कौतुक केलं की तू बिघडतेस.

आता माझ्या प्रश्नांची नीट उत्तरं दे. श्वास ओढताना आधी पोट वर येतं की छाती? खांदे उचलायचे नाहीत ना? उभ्याने करतेस, बसून की आडवी? आडवं होऊन केलं तर चालतं का? कंबर आधीच धरलेली असताना करायचं की सुटल्यावर? आणि पहिल्या आठवड्यात चक्कर आल्यासारखं होतं का?

हे सगळं शिक्षिकेच्या नात्याने विचारते आहे. उगाच मनात काही आणू नकोस.

गॅसवाला सिलिंडर दारात ठेवून जातो, आता शेजारची देविका आत सरकवून देते. चांगली आहे बाई. पिल्लं तीन आहेत.

लीलाताई


तेलीबाग
३ सप्टेंबर

ताई, हे कार्डच. वेळ नाही.

आधी उत्तरं: पोट आधी. खांदे नाहीत. बसून, पाठ ताठ. सावनी म्हणते आडवंही चालतं. धरलेली असताना जोर करायचा नाही. चक्कर आली तर थांबायचं. काय गं, माझी परीक्षा घेतेस की तपासणी?

काल मी मेट्रोने हज़रतगंजला गेले, एकटी. जाताना सीट रिकामी होती तरी उभी राहिले. दोन दुकानं पालथी घातली आणि तुझ्यासाठी पांढऱ्यावर पांढऱ्या चिकन भरतकामाची साडी घेतली. आणि परत येताना अनुपला फोन करून सांगितलं, बेटा, तिकीट काढ. एकोणतीस सप्टेंबरचं. त्याने विचारलं, "पक्का, मम्मी?" म्हटलं, पक्का.

काढलं, ताई. पाचवं तिकीट. आकडा आता सहावर आहे.

हे कार्ड टेबलावर, खुर्चीत बसून लिहिलं आहे. अक्षर बघ.

कांता


इंदोरा
८ सप्टेंबर

अक्षर पाहिलं. भाऊजींच्या फोटोची काच पुसली. तुझी गादी उन्हात टाकली आहे.

ली.


तेलीबाग
१५ सप्टेंबर

ति. ताईस,

सगळं चांगलं झालं आणि सगळं बिघडलं. क्रमाने सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

आज शेवटचं मोजमाप होतं. मला परत डोळे मिटून त्या स्पंजावर उभं केलं. ताई, मी उभी राहिले. पोटऱ्यांवर ते यंत्र थरथरत होतं आणि मी आपली दारातल्या खांबासारखी उभी. सावनीने मला मिठी मारली. तिला कुणी किती आकड्यावर होतं ते माहीत नाही, पण एवढा फरक अजून कुणातच दिसला नव्हता म्हणे. मी तरंगत बाहेर आले.

बाहेर बाकावर इथल्या महानगर मोहल्ल्यातले विष्णूजी बसले होते, विसांतलेच एक. रिटायर्ड आहेत, बोलायला आवडतं. यंत्र परत करायला आले होते. त्यांच्या पट्टीखाली आकडा सहा. मी सहज विचारलं, तुम्ही कधी चढवलात? ते म्हणाले, "चढ़ाना क्या, बहनजी, पहले दिन से यही है, दम निकल गया." मग पलीकडच्या एका मुलीचं यंत्र पाहिलं. तिचं एकवर. पहिल्या दिवसापासून एकवर.

मी तिथेच बसून राहिले. हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. मला कुणीही वर चढवायला विसरलेलं नव्हतं. दहा जणांना मुद्दाम जड दिलं होतं आणि दहा जणांना मुद्दाम नावापुरतं हलकं. म्हणजे कळावं की कंबर जोर लावल्याने सुधारते की नुसतं नळी तोंडात धरल्याने. सावनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण एक आकडा बघितल्यावर मला पहिलीचा वर्गच आठवला, आणि तुलाही.

आता बघ काय होईल. उद्या-परवा ती कोण कुठल्या गटात ते लिहिलेले लखोटे उघडेल. माझं नाव निघेल हलक्यावाल्यांत. तिथे लिहिलं जाईल की हलकं ओढूनही बाई खांबासारखी उभी राहिली. दोन्हीकडे दहा-दहाच माणसं आहेत. एवढ्यात माझ्यासारखी एक जरी चुकीच्या बाजूला बसली तरी सगळं पारडं फिरतं. ज्याने मला उठवून बसवलं, त्याच्याच विरुद्ध मी साक्ष देणार. आणि ते वाचून कुठलातरी डॉक्टर कुठल्यातरी कांताला सांगेल, ह्यात काही दम नाही.

आणि सांगितलं तर? तिला वीस जण हवे होते. मी गेले की एकोणीस. विसावा शोधा, परत आठ आठवडे. तिचा प्रबंध डिसेंबरात द्यायचा आहे, साताऱ्याला आईवडील डोळे लावून बसलेत. ती मला काकू म्हणते, ताई. आमच्या घरी येऊन पिठलं-भाकरी खाऊन जाते.

ह्यांना सांगितलं नाही. तूच सांग काय करू. लवकर लिही.

कांता


इंदोरा, नागपूर
१९ सप्टेंबर

चि. कांतास,

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी जाऊन सांग. चप्पल घाल आणि नीघ. पत्र पूर्ण नंतर वाच.

वाचते आहेसच, मला माहीत होतं.

चूक तुझी नाही, माझी आहे. माझं नाव सांग. नागपुरात बसून, यंत्र डोळ्यांनी न बघता, दुसऱ्या मास्तरणीच्या वर्गात ढवळाढवळ करणारी मी कोण? माझ्या वर्गात कुणी अशी केली असती तर मी तिला उन्हात उभं केलं असतं.

आता एक गोष्ट लिहिते, ती मी तुझ्या भाऊजींखेरीज कुणाला सांगितलेली नाही. माझीही कंबर धरते. आजची नाही, एकोणतिसाव्या वर्षापासूनची. एकतीस वर्षांतली निम्मी कवायत मी पातळाखाली पट्टा बांधून शिकवली. शाळेत कळलं असतं तर कवायत काढून घेतली असती, आणि मला दुसरं काही इतकं आवडत नव्हतं. अनुप झाला तेव्हा मी तुझ्या बाळंतपणाला आले नाही. तू आजवर समजतेस की वार्षिक परीक्षा होत्या. मी पलंगावर होते. तेलीबागच्या घराचा गृहप्रवेश झाला तेव्हाही. विहारात मागे बसते ती ऐकू येत नाही म्हणून नव्हे, भिंत लागते म्हणून. तू चार तिकिटांची लाज सांगत होतीस तेव्हा मला वाटायचं, हिने निदान काढली तरी, मी तर कधी काढलंच नाही.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून मीही श्वास सुरू केला. यंत्र नाही माझ्याकडे. आडवी होऊन पोटावर शब्दकोशाचा एक खंड ठेवते आणि तो श्वासाने वर उचलते. तीस वेळा सकाळी, तीस वेळा संध्याकाळी. मग दुसरा खंड. दर रविवारी काहीतरी चढवते, म्हणूनच तुलाही चढव म्हणत राहिले. पिल्लं आता त्या शब्दकोशावरच येऊन बसतात. कंबर सुटली का ते मला सांगता येत नाही, हे काही तुमच्या कॉलेजातलं मोजमाप नाही. पण महिना झाला, पट्टा बांधलेला नाही.

खोटं बोलून बरं होण्यात मजा नसते गं. जा आता.

लीलाताई


तेलीबाग
२३ सप्टेंबर

ति. ताईस,
जयभीम.

तुझं पत्र काल अकराला आलं, साडेबाराला मी कॉलेजात. पूर्ण वाचूनच गेले. रिक्षात रडत होते, रिक्षावाले भैया आरशातून बघत होते. तुझं मी नंतर बोलते, समोर बसून बोलते. बाळंतपणाचं मी तेहेतीस वर्षं मनात धरून होते, हे मात्र आत्ताच लिहून टाकते, म्हणजे माझ्या मनातून गेलं.

सावनी एकटीच होती. मी बसले नाही. म्हणाले, "सावनी, मी तबकडी फिरवली. दर रविवारी, सातपर्यंत. तपासणीच्या आदल्या दिवशी परत एकवर आणायची."

तिने हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, तुम्ही काय केलंत ते तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," मी म्हटलं, "म्हणून आले."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडे. डोळे पुसले असावेत. मला वाटलं आता म्हणेल, परत येऊ नका. तुझं नाव घेतलं नाही मी. सातवर हात माझाच गेला होता.

मग मी पिशवीतून कॅलेंडर काढलं. दूध कधी आलं नाही ते लिहायचं आपलं भिंतीवरचं, खिळ्यासकट उपटून नेलं होतं. प्रत्येक रविवारी आकडा, गोल करून. खाली किती श्वास पूर्ण झाले, कुठे तुटले, त्या आठवड्यात कंबर किती वेळा बोलली. ते तिने हातात घेतलं, आधी उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून वाचलं. आणि ताई, त्या पोरीचा चेहरा असा बदलत गेला, जसा परीक्षेत आधी न सुटलेला प्रश्न एकदम सुटल्यावर होतो. म्हणाली, "तरीच! हलक्या गटात तुमचा आकडा मला काही केल्या कळत नव्हता, दोन रात्री मी माझीच मोजमापं चुकली म्हणून तपासत होते."

तर असं ठरलं. विसांत मी नाही. पण माझं सगळं वेगळं लिहून ठेवणार, काय घडलं ते खरं खरं. विसावा माणूस मी शोधायचा कबूल केलं होतं आणि आज सकाळीच शोधला. विपुल नावाचा अनुपच्या ऑफिसातला मुलगा, पस्तीस वर्षांचा, दर दिवाळीला कंबर धरून बसतो. त्याला फक्त इतकंच सांगितलं की पट्टीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे. सावनीचा प्रबंध मार्चवर गेला. ती म्हणाली, "खोटा डिसेंबरात देण्यापेक्षा खरा मार्चमध्ये बरा."

आता जे लिहायचं टाळते आहे ते. माझं मोजमाप तिच्या सरांना स्वतःसमोर परत करायचं आहे, नाहीतर ते कागदावर टिकणार नाही. सर बाहेरगावी आहेत. एक ऑक्टोबरलाच येतात, दोनला परत जातात. सावनी म्हणाली, काकू, तुम्ही नागपूरला जा, राहू दे. खूपदा म्हणाली.

मी तिकीट रद्द केलं, ताई. पाचवं. ह्या वेळी कंबरेने नाही, मी स्वतः केलं. अनुप म्हणाला, "मम्मी, इस बार तो ठीक थीं न आप?" ठीक होते म्हणूनच, बेटा.

तू गादी उन्हात टाकलीस, काच पुसलीस. मला माफ कर. आणि रागावलीस तरी लिहीत जा.

कांता


इंदोरा, नागपूर
२७ सप्टेंबर

चि. कांतास,

हे पत्र बहुतेक माझ्यानंतर पोचेल. तरी लिहिते, कारण तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही असं माझ्याकडून कधी झालेलं नाही.

रागावले नाही. तुझं पत्र वाचून संपवलं, पोटावरचे खंड बाजूला ठेवले आणि देविकाला घेऊन स्टेशनवर गेले. सगळं जग दसऱ्याला नागपूरला येतं आहे, म्हणून उलट दिशेच्या गाडीत जागा मिळाली. खालचा बाक. एकोणतीसला निघते, तीसला तुझ्या दारात. म्हणजे एक तारखेला त्या सरांसमोर तू उभी राहशील तेव्हा मी तिथे असेन. तुझ्या त्या सावनीची माफी मागायची आहे, ती पत्राने मागायची नसते.

इटारसीला उतरून चालणार, भोपाळला चालणार, झाशीला चालणार. पुकारलेलं ऐकू येत नाही, घड्याळ बघून चढेन. पट्टा सोबत घेतला होता, मग काढून ठेवला. शब्दकोशाचे दोन्ही खंड घेतले आहेत. देविका म्हणते, मावशी, लखनौला कुणी शब्दकोश नेतं का?

पिल्लं तिच्याकडे.

भीती वाटते आहे, कांता. त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा बहिणीच्या घरी निघाले आहे. पण मजाही तितकीच वाटते आहे.

ताई


लखनौ, आपल्याच घरातून
३ ऑक्टोबर, दुपारी

ताई,

ही चिठ्ठी फ्रिजवर ठेवून भाजी आणायला जाते आहे. हाक मारली, पण तू आडवी आहेस, डोळे मिटलेले, आणि हाक तुला कुठली ऐकू येणार. पोटावर दुसरा खंड वर-खाली होतो आहे. मी दारात उभी राहून मोजत होते, तेवीसपर्यंत. पुढे डोळ्यांत पाणी आलं आणि मोजायचं राहिलं.

तुझं सत्तावीसचं पत्र आत्ता पोस्टमन देऊन गेला. तू त्याच्या तीन दिवस आधी आलीस.

परवा सरांसमोर मी स्पंजावर डोळे मिटून उभी होते. मला काही दिसत नव्हतं, पण खोलीत एक माणूस माझ्याबरोबर श्वास घेत होतं, ते मला कळत होतं. आकडे तसेच आले. सावनी तुला काय म्हणाली ते तुला ऐकू आलं नसेल, म्हणून लिहून ठेवते. ती म्हणाली, ह्या मावशींना माझ्या पुढच्या अभ्यासात घेणार नाही, ह्या पहिल्याच दिवशी यंत्र उघडून बघतील.

दसरा इथेच झाला. पण चौदा ऑक्टोबर ही आपल्या दीक्षेची तारीख आहे, आणि ती नागपुरातच. अनुपने सकाळीच काम करून टाकलं. बारा तारखेची गाडी, खालचे दोन बाक, समोरासमोर. सहावं तिकीट, ताई, आणि ह्या वेळी त्याच्यावर दोन नावं आहेत.

पोचलो की आधी भाऊजींसमोर बसायचं. जमिनीवर, मांडी घालून. दोघींनी.

कांता